राक्षसाचं काम कोण करणार?



शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटुकलं बसवायचं ठरलं, की एक गंमत हमखास होते. "राजपुत्राचं काम कोण करणार?" असं विचारलं, की चार-पाच हात वर होतात. "आणि राक्षसाचं?" असं म्हणायचा अवकाश, अख्खा वर्ग बाकावर चढतो! मोठमोठ्यानं हसायचं, डोळे वटारायचे, पाय आपटायचे, कुणाला नको आहे हे काम? पण तालीम सुरू झाली की कळतं, हे वाटतं तितकं सोपं नाही. नुसता आरडाओरडा करणाऱ्या राक्षसाला प्रेक्षक दोन मिनिटांत कंटाळतात आणि चिवड्याच्या पुड्या सोडायला लागतात.

सुपरहिरोंच्या सिनेमांचंही अगदी असंच असतं, बरं का! काही खलनायक वर्षानुवर्षं लक्षात राहतात. काहींचं नाव थिएटरच्या पायऱ्या उतरेपर्यंतही आठवत नाही. दोघांकडे ताकद तेवढीच, शस्त्रं तेवढीच, काळा झगासुद्धा तेवढाच लांब! मग फरक कशात? हे मोजायला आज आपण तीन प्रश्नांची एक फूटपट्टी तयार करू या.

पहिला प्रश्न : त्याला हवंय तरी काय?

2004 साली आलेला 'स्पायडर-मॅन 2' आठवा. त्यातला डॉक्टर ऑक्टोपस, म्हणजे शास्त्रज्ञ ऑटो ऑक्टेव्हियस, सुरुवातीला किती चांगला माणूस आहे! पीटर पार्करला घरी बोलावतो, त्याच्याशी प्रेमानं गप्पा मारतो, बुद्धी ही देणगी आहे आणि ती लोकांच्या भल्यासाठी वापरायची असते, असं सांगतो. त्याला जगासाठी ऊर्जा तयार करायची असते. पण प्रयोग फसतो. त्याची पत्नी त्या अपघातात जाते, आणि पाठीला जोडलेले चार यांत्रिक हात त्याच्याच मनावर ताबा मिळवतात. तरी त्याचा हट्ट एकच, प्रयोग पुन्हा करायचा. मग त्यासाठी बँक लुटावी लागली तरी चालेल, माणसं मेली तरी चालेल.

आता सांगा, आपलं अर्धवट राहिलेलं काम पुरं व्हावं, असं तुम्हाला कधी वाटलं नाही का? म्हणूनच ऑटो आपल्याला कळतो. त्याचा राग येतो आणि वाईटही वाटतं.

याउलट 2013 सालच्या 'थॉर : द डार्क वर्ल्ड'मधला मालेकिथ. त्याला सगळं विश्व पुन्हा काळोखात बुडवायचंय. का? तर पूर्वी काळोख होता म्हणून! त्याचं घर कसं होतं, तिथली पोरंबाळं काय खेळायची, प्रकाश आल्यावर त्यानं काय गमावलं, यातलं काही आपल्या मनापर्यंत पोचत नाही. त्यामुळे तो चिडतो तेव्हा आपण नुसते बघत बसतो.

तुम्ही म्हणाल, "एवढ्याशा गोष्टीनं असा काय फरक पडतो?" याचं उत्तर द्यायला एक मजेदार उदाहरण आहे. 2017 साली 'जस्टिस लीग' आला. त्यातला स्टेपनवुल्फ तीन जादूच्या पेट्या गोळा करून पृथ्वी उद्ध्वस्त करायला निघतो. बस्स, एवढंच. पुष्कळांना तो अगदीच फिका वाटला. पुढे 2021 साली त्याच सिनेमाची दिग्दर्शक झॅक स्नायडर यांच्या मनातली आवृत्ती आली, चांगली चार तासांची! (ती मोठ्या माणसांसाठी आहे, तेव्हा तुम्ही घाई करू नका.) तिच्यात खलनायक तोच आणि त्याला आवाज देणारा नटही तोच. पण आता कळतं, की एका जुन्या अपराधामुळे त्याला घरातून हाकललंय. अजून 50,000 जगं जिंकून दिल्याशिवाय त्याला परत यायची परवानगी नाही. तो आपल्या मालकाच्या माणसापुढे मान खाली घालून उभा राहतो, तेव्हा वाटतं, अरेच्चा, याला तर फक्त घरी जायचंय! तोच खलनायक, पण एक कारण मिळालं आणि तो जिवंत झाला.

दुसरा प्रश्न : त्याचा घाव कुणावर बसतो?

"मी जग नष्ट करीन!" ही धमकी ऐकायला केवढी मोठी! पण गंमत अशी, की 'जग' डोळ्यांपुढे येतच नाही. एक ओळखीचा चेहरा मात्र लगेच येतो. त्याच मालेकिथच्या सिनेमात काळजाला चटका बसतो तो थॉरची आई फ्रिगा मारली जाते तेव्हा. नऊ जगांवरच्या संकटापेक्षा एका आईचं जाणं जास्त लागतं.

आपल्याकडचा मोगॅम्बो घ्या. 1987 सालच्या 'मिस्टर इंडिया'मधलं अमरीश पुरी यांनी केलेलं हे काम तुमच्या आई-बाबांना आजही पाठ असेल. खरं तर पहिल्या प्रश्नात मोगॅम्बो नापासच व्हायला हवा. त्याला भारत जिंकायचाय, पण का, ते तो सांगत नाही! मग तो लक्षात कसा राहिला? आवाज, सिंहासन, सोनेरी पोशाख, हे सगळं आहेच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचा दुष्टपणा दूर कुठल्या बेटावर थांबत नाही. तो थेट अरुण आणि त्याच्या अनाथ मुलांच्या घरात शिरतो. त्यांचं समुद्राकाठचं घर त्याच्या माणसांना हवं असतं. मुलांवर उपाशी राहायची वेळ येते. आणि बॉम्बस्फोटात छोटी टीना जाते, तेव्हा थिएटरात हसणारी पोरं एकदम गप्प होतात. आतापर्यंत विनोदी वाटणारा मोगॅम्बो त्या क्षणी खरा होतो.

तिसरा प्रश्न : नायकाला काही शिकावं लागतं का?

हा प्रश्न जरा अवघड आहे, पण सगळ्यांत महत्त्वाचा. 2018 सालच्या 'ब्लॅक पँथर'मध्ये वाकांडा नावाचा आफ्रिकेतला एक काल्पनिक देश आहे. अपार संपत्ती, अपार विज्ञान, पण जगापासून लपून राहिलेला. तिथल्या आधीच्या राजानं अमेरिकेत स्वतःच्या भावाला मारलेलं असतं आणि त्याच्या लहानग्या मुलाला तिथंच टाकून दिलेलं असतं. तो पोरका मुलगा मोठा होऊन परत येतो, तोच खलनायक किलमाँगर. त्याचं विचारणं असं, की बाहेर आपल्याच वंशाची माणसं अन्याय सोसत असताना तुम्ही एवढं सगळं असून लपून का बसलात?

प्रश्न बिनतोड आहे, नाही का? पण त्याचा उपाय भयंकर आहे. त्याला जगभर शस्त्रं पाठवून युद्ध पेटवायचंय, आणि वाटेत येईल त्याला तो मारतो. राजा टचाला त्याला हरवतो. मात्र सिनेमा तिथं संपत नाही. लढाई जिंकल्यावर टचाला अमेरिकेतल्या ओकलंडला जातो, त्याच वस्तीत, जिथं तो मुलगा एकटा पडला होता. तिथल्या इमारती विकत घेऊन लोकांच्या मदतीसाठी केंद्र उघडायचं ठरवतो. म्हणजे त्यानं खलनायकाचा मार्ग नाकारला, पण त्याचा प्रश्न ऐकला. जिंकूनही आपली चूक सुधारायला मोठं मन लागतं!

आता तुमच्यातलं कुणी तरी हळूच विचारेल, "बाई, म्हणजे खलनायकाला कारण असलं की तो बरोबर?"

मुळीच नाही! याचं उत्तर 2021 सालच्या 'मिन्नल मुरली' या मल्याळम सिनेमात फार छान मिळतं. केरळमधल्या एका गावात एकाच रात्री दोघांवर वीज पडते. एक जेसन, शिंपीकाम करणारा. दुसरा शिबू, चहाच्या दुकानात काम करणारा. दोघांनाही सारखीच शक्ती मिळते. शिबूला गावानं वर्षानुवर्षं वेडा म्हणून हिणवलेलं असतं. त्याचं जिच्यावर प्रेम असतं, त्या उषाच्या आजारी मुलीच्या ऑपरेशनसाठी पैसे हवेत, म्हणून तो चोरी करतो. त्याचं दुःख बघून डोळ्यांत पाणी येतं. पण पुढे तो अख्ख्या गावावर सूड उगवायला निघतो, तेव्हा ज्यांनी त्याचं काहीच बिघडवलं नाही अशी लहान मुलंही त्या गावात असतातच ना? दुःख त्याचं खरं होतं. वाट निवडली ती मात्र त्यानं स्वतः.

कारण समजून घेणं वेगळं आणि माफी देऊन टाकणं वेगळं. हे दोन्ही डोक्यात नीट वेगळं ठेवता आलं, तर सिनेमाबाहेरही फार उपयोग होतो. वर्गात एखादा मुलगा रोज कुणाचा तरी डबा पळवतो. लगेच आपण त्याच्यावर 'गुंड' असा शिक्का मारून मोकळे होतो. पण तो सकाळी काही खाऊन आलाय का, हे कुणी विचारतं का? विचारून बघा. डबा पळवणं चूकच, ते थांबलंच पाहिजे आणि मोठ्यांच्या कानांवरही घातलं पाहिजे. पण रोज चिडवून चिडवून एखाद्याला शिबू करायचं, की त्याच्यासाठी बाकावर जागा करून द्यायची, हे आपल्या हातात असतं.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. मुलानं "मला खलनायकच जास्त आवडला" असं सांगितलं, तर दचकू नका आणि रागावूही नका. "त्याचं काय आवडलं? आणि काय पटलं नाही?" एवढंच विचारा. जेवताना अर्धा तास छान जाईल, आणि आपलं लेकरू मनात कसला विचार करतंय तेही कळेल.

आणि मित्रांनो, हा तुमचा या आठवड्याचा उपक्रम. तुम्ही पाहिलेला एखादा खलनायक निवडा. आपल्या फूटपट्टीनं त्याला मोजा. मग त्याच्या बाजूनं दहा ओळी लिहा, 'मी असं का केलं'. आणि अकरावी ओळ तुमची. तो कुठल्या क्षणी परत फिरू शकला असता, ते तिच्यात लिहा. असा एक तरी क्षण बहुतेक सगळ्यांच्या गोष्टीत असतो. डॉक्टर ऑक्टोपसला तो अगदी शेवटी सापडला. पीटरनं त्याला त्याचेच जुने शब्द आठवून दिले, आणि त्यानं आपलं यंत्र स्वतःच्या हातांनी नदीत बुडवलं.

उशीर झाला होता खरा, पण शहर वाचलं.

तुमच्या अकराव्या ओळींची वाट बघते आहे.

तुमची,
बाई