फुटलेल्या बाटलीचं पुढे काय? नाशिकला जवळचं एक उत्तर

फुटलेली बाटली आपण पेपरात गुंडाळतो, घंटागाडीत टाकतो आणि विसरतो. पुढे तीच काच कचरा वेगळा करणाऱ्याच्या हाताला लागते. बिअरच्या अख्ख्या बाटलीला भंगारवाला पैसे देतो, कारण ती धुऊन पुन्हा भरता येते. फुटली, त्यात हिरवी-तपकिरी काच मिसळली की तिला फारसं कुणी विचारत नाही. आणि नाशिक तर वाइनचं शहर!

अशा काचेपासून फोम ग्लास बनते. काच पिठासारखी दळायची, त्यात थोडं सिलिकॉन कार्बाइड किंवा चुनखडीची पूड मिसळायची आणि भट्टीत 800 ते 900 अंश सेल्सिअसला तापवायची. काच मऊ होते, आत वायू सुटतो आणि ती पावासारखी फुगते. थंड झाली की बंद बुडबुड्यांनी भरलेली हलकी खडी हातात येते. एक घनमीटर भरीव काच सुमारे 2500 किलोची, तेवढीच ही खडी साधारण 200 किलोची. शिवाय बाटली बनवणाऱ्याला नको असलेली रंगांची भेसळ इथे चालते.

हे फक्त प्रयोगशाळेतलं नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाला जून 2023 मध्ये टँकर पेटून आय-95 महामार्गाचा एक भाग कोसळला. तिथे हीच खडी भरून वर तात्पुरता रस्ता केला, आणि 12 दिवसांत वाहतूक सुरू झाली.

मग नाशिकच्या रस्त्यांत वापरायची का? मला शंका आहे. मुरूम आणि काळा दगड हाताशी असताना भट्टीतली महाग खडी ठेकेदार कशाला घेईल? त्यापेक्षा द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज पटतं. फोम ग्लास पाणी शोषत नाही, जळत नाही, उंदीर ती कुरतडत नाहीत. पण पफ पॅनलइतकी थंडी राखायला बरीच जास्त जाडी लागते. त्यामुळे भिंतीत नको, फरशीखाली ठीक. क्रेटच्या थप्प्यांचं वजन तिथेच येतं आणि ते ती पेलते.

खरी अडचण भट्टीच्या आधीची आहे. तिला रोज, वेगळी केलेली काच हवी. घनकचरा नियमांप्रमाणे काच सुक्या कचऱ्यात जाते, म्हणजे प्लास्टिक आणि पुठ्ठ्यासोबत. काचेच्या पॅकेजिंगची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारा मसुदा केंद्राने डिसेंबर 2024 मध्ये काढला. त्या पैशातून निदान घंटागाडीला काचेचा वेगळा डबा तरी बसवता येईल.