सापशिडीतला एकच साप

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. महाविद्यालयातून घरी परतत होतो. काळेवाडी फाट्याचा सिग्नल लाल होता, म्हणून गाडी थांबवून उभा राहिलो. मागून येणाऱ्या टेंपोचे ब्रेक ओल्या रस्त्यावर वेळेवर लागले नाहीत आणि तो माझ्या गाडीवर आदळला. कोणाला लागले नाही. पण मागचा बंपर फुटला आणि डिकीचे झाकण आत दबले. टेंपोचा चालक विशीतला पोरगा होता. "सर, मालक पगारातून कापतील," एवढेच तो म्हणाला. मी त्याला जाऊ दिले. माझ्या गाडीचा विमा होताच!

गॅरेजवाल्याने ९,००० रुपयांचे बिल केले. त्यातले सक्तीचे १,००० रुपये आणि प्लॅस्टिकच्या भागांचा १,८०० रुपयांचा घसारा माझ्या अंगावर पडला. उरलेले ६,२०० रुपये विमा कंपनीने दिले. मी खूश झालो. चार महिन्यांनी विम्याच्या नूतनीकरणाची सूचना आली तेव्हा मात्र ही खुशी मावळली. गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता ५,००० रुपयांवरून एकदम १०,००० रुपयांवर गेला होता. पाच वर्षे जपलेला पन्नास टक्क्यांचा 'नो क्लेम बोनस' एका फटक्यात शून्य झाला होता.

नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने ती सूचना वाचली आणि विचारले, "बाबा, चूक तर टेंपोवाल्याची होती. मग दंड आपल्याला का?"

"हा दंड नाही, सवलत गेली," मी म्हणालो.

"पण पैसे तर तेवढेच जास्त जाणार ना?"

मला उत्तर देता आले नाही. विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेत मी नेहमी सांगतो, की कोणत्याही उपकरणाचा आकडा वाचण्यापूर्वी ते उपकरण नेमके काय मोजते ते विचारावे. या बोनसला हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. आज आपण तो विचारू.

शिडी कशी आहे?

आपल्या या औद्योगिक पट्ट्यात बोनस म्हटले की दिवाळी आठवते. हा बोनस मात्र हातात पडत नाही. तो पुढच्या हप्त्यातून वजा होतो. मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई करणारा भाग म्हणजे तिऱ्हाइताचा विमा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. बोनस मिळतो तो फक्त या दुसऱ्या भागावर.

२००२ च्या मोटार टॅरिफमध्ये दिलेली आणि पुढेही बहुतेक ठिकाणी चालू राहिलेली शिडी अशी आहे : एक वर्ष भरपाई मागितली नाही तर पुढच्या हप्त्यात २० टक्के सवलत, सलग दोन वर्षांनंतर २५, तीन वर्षांनंतर ३५, चार वर्षांनंतर ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. त्यापुढे पायरी नाही. मधल्या कोणत्याही वर्षी भरपाई मागितली, की सवलत शून्य.

सापशिडीचा पट डोळ्यांपुढे आणा. शिडीला पायऱ्या पाच, पण साप एकच. त्याचे तोंड प्रत्येक पायरीवर आहे आणि शेपूट थेट तळाशी. तुमची भरपाई दोन हजारांची असो की दोन लाखांची, चूक तुमची असो की दुसऱ्याची, घसरण तेवढीच.

एका दाव्याची किंमत

आता कागद-पेन्सिल घ्या. मूळ हप्ता १०,००० रुपये धरू. पन्नास टक्क्यांच्या पायरीवरचा माणूस दरवर्षी ५,००० रुपये भरतो. त्याने भरपाई मागितली, तर पुढच्या पाच वर्षांचे हप्ते अनुक्रमे १०,०००, ८,०००, ७,५००, ६,५०० आणि ५,५०० होतील. सहाव्या वर्षी तो पुन्हा ५,००० वर येईल. म्हणजे दरवर्षीचा जादा भार झाला ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५००. बेरीज १२,५०० रुपये.

मी ६,२०० रुपये घेतले आणि त्यासाठी १२,५०० रुपये देण्याचे कबूल करून बसलो! गाडी जुनी होते तशी तिची विमा उतरवलेली किंमत आणि त्याबरोबर हप्ता उतरत जातो, म्हणून खरा आकडा याहून काहीसा कमी येईल. तरीही व्यवहार तोट्याचाच. तळाच्या, म्हणजे शून्य सवलतीच्या पायरीवरील माणसासाठी हाच हिशेब तुम्ही करून पाहा. उत्तर ५,००० रुपये येते. शिडीवर जितके उंच, तितका साप महाग.

हे गणित आठवीचा विद्यार्थीही करील. मी एम.एस्सी. असून केले नाही, कारण ते करायचे असते हेच मला कोणी सांगितले नव्हते. नूतनीकरणाच्या कागदावर बोनसची टक्केवारी छापलेली असते. भरपाई मागितल्यास पुढे किती पैसे जातील हे माझ्या कागदावर कुठेही नव्हते.

मोजण्यानेच बदलते

ज्यांना हे गणित कळते ते काय करतात? किरकोळ नुकसान असेल तर खिशातून पैसे भरतात आणि कंपनीला कळवतच नाहीत. विमागणितात या वागण्याला 'बोनसची भूक' असेच नाव आहे. यात बेकायदा काही नाही. कंपन्यांचाही त्यात फायदा असतो, कारण लहानसहान दावे तपासण्याचा खर्च वाचतो.

पण उपकरण म्हणून पाहिले, तर इथे एक गंमत होते. परिपथात अमीटर जोडला, की त्याचा स्वतःचा रोध परिपथात शिरतो आणि जी धारा मोजायची तीच थोडी बदलते. चांगल्या अमीटरचा रोध अगदी कमी ठेवतात तो यासाठीच. बोनसचा 'रोध' मात्र मोठा आहे. अपघात मोजावेत म्हणून तो जोडला, आणि त्याच्यामुळेच लोक अपघात सांगेनासे झाले. 'दावा नाही' याचा अर्थ 'अपघात नाही' असा राहिला नाही.

फाशांचा प्रयोग

समजा, सगळे जण प्रत्येक नुकसान प्रामाणिकपणे सांगतात. मग तरी बोनस सावध आणि बेफिकीर चालकांना वेगळे करील का? हे वर्गात करून पाहण्याजोगे आहे.

साठ विद्यार्थी घ्या. तीस जण 'सावध चालक', तीस जण 'बेफिकीर चालक'. प्रत्येकाने दोन फासे एकदम टाकायचे. एक टाकणी म्हणजे एक वर्ष. सावध चालकाच्या फाशांची बेरीज ३ आली तर अपघात. याची संभाव्यता ३६ मध्ये २, म्हणजे १/१८. बेफिकीर चालकाची बेरीज ७ आली तर अपघात. याची संभाव्यता ३६ मध्ये ६, म्हणजे १/६. दुसऱ्याला धोका पहिल्याच्या तिप्पट आहे. हे आकडे प्रयोगापुरते घेतले आहेत, कोणत्याही शहराचे नव्हेत. प्रत्येकाने पाच वेळा फासे टाकावेत. पाचही वेळा सुटणाऱ्यांना पन्नास टक्के बोनस.

गणित असे सांगते : सावध चालक पाच वर्षे सुटण्याची संभाव्यता १७/१८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.७५. बेफिकीर चालकाची ५/६ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.४०. तिसांपैकी साधारण २३ सावध आणि १२ बेफिकीर चालक शिडीच्या माथ्यावर पोचतील. म्हणजे माथ्यावरच्या ३५ जणांत १२ बेफिकीर! आणि सावध असूनही सात जण सापाच्या तोंडी गेलेले असतील. तुमच्या वर्गात नेमके हेच आकडे येणार नाहीत. पण प्रयोग दहा वेळा करून सरासरी काढलीत तर तुम्ही त्यांच्या जवळ याल. जेकब बर्नुलीच्या १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडलेला हाच नियम : प्रयोगांची संख्या वाढली, की सरासरी स्थिर होत जाते. सगळा विमाव्यवसाय या नियमावर उभा आहे. मात्र तो समूहाला लागू पडतो. एका माणसाची पाच वर्षे म्हणजे फक्त पाच टाकण्या. त्यावरून त्याच्या स्वभावाचा दाखला लिहून देता येत नाही.

म्हणून "माझ्याकडे पन्नास टक्के बोनस आहे, मी उत्तम गाडी चालवतो," असे कोणी म्हणाले, तर मान डोलावण्यापूर्वी हा प्रयोग आठवा.

दुसऱ्या देशाची शिडी

फ्रान्समध्ये १९७६ पासून वेगळी पद्धत आहे. तिथे प्रत्येक चालकाला एक गुणक असतो, सुरुवातीला १. आपल्या दोषाने अपघात न होता वर्ष गेले, की गुणकाला ०.९५ ने गुणतात. आपल्या दोषाने अपघात झाला तर १.२५ ने, आणि दोष निम्मा असेल तर १.१२५ ने. गुणक ०.५० च्या खाली आणि ३.५० च्या वर जात नाही. ही भूमिती श्रेढी आहे हे तुम्ही ओळखलेच असेल. निम्म्या हप्त्यावर पोचायला तेरा वर्षे लागतात. पण नुकत्याच ०.५० वर पोचलेल्या माणसाकडून एक चूक झाली, तर तो ०.६२ वर येतो, १ वर नाही. आणि दोष दुसऱ्याचा असेल तर गुणकाला धक्काच लागत नाही. तिथला साप एका वेळी दोन-चार घरेच खाली आणतो, आणि चावण्यापूर्वी चूक कोणाची ते पाहतो.

यावर आक्षेप असा, की दोष ठरवायला चौकशी लागते, चौकशीला खर्च लागतो, आणि आपल्या रस्त्यांवर साक्षीदार कोण होणार? आक्षेप पोकळ नाही. मी त्या टेंपोच्या तिऱ्हाईत विम्यातून भरपाई मागू शकलो असतो. पण त्यासाठी पोलिसांत नोंद आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी होती. एका बंपरसाठी ती कोण चढतो? मात्र फ्रान्समध्ये किरकोळ अपघातानंतर दोन्ही चालक एकाच छापील अर्जावर घटना लिहून सह्या करतात, आणि पुढचे कंपन्या आपसांत पाहतात. आज हातोहाती कॅमेरे असताना आपल्याला असे काही अशक्य नसावे.

माझे मत

माझे मत तीन वाक्यांत सांगतो. नूतनीकरणाच्या प्रत्येक कागदावर, भरपाई मागितल्यास पुढील पाच वर्षांत किती जादा हप्ता जाईल, हा आकडा रुपयांत छापला पाहिजे. दोष आपला नाही हे सिद्ध झाल्यास बोनस जाता कामा नये. आणि दोष आपला असला तरी घसरण एक-दोन पायऱ्यांची असावी, तळापर्यंतची नव्हे.

आणखी एक गोष्ट मला याहून अधिक खटकते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत, १,००० ते १,५०० घनसेंटिमीटर इंजिनाच्या खासगी मोटारीचा तिऱ्हाईत विम्याचा हप्ता ३,४१६ रुपये ठरला. चालक कितीही सावध असो वा बेफिकीर. माझा स्वतःचा बंपर वाचवल्याबद्दल बक्षीस आहे. रस्ता ओलांडणारी शाळकरी मुले वाचवल्याबद्दल नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या एका कार्यगटाने २०२१ मध्ये, वाहतुकीचे नियम मोडण्याशी हप्ता जोडावा, अशी शिफारस केली होती. सिग्नल तोडणे आणि अतिवेग ही धोक्याची मुळे आहेत. मोजायची असतील तर ती मोजावीत.

घरी सांगण्याजोगे थोडे : बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी घेतली तर तिच्या आधीच्या मालकाचा बोनस आपल्याला मिळत नाही. एजंटने अर्जावर तो लिहिला तर सही करू नका, कारण खोट्या माहितीमुळे ऐन वेळी भरपाई नाकारली जाऊ शकते. उलट आपली गाडी विकली तर आपला बोनस नव्या गाडीला लावता येतो; कंपनीकडून तसे पत्र घ्यावे. आणि मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर न चावताच साप गिळतो.

माझी मुलगी आता अकरावीत आहे. परवा तिने माझा नवा कागद पाहिला आणि म्हणाली, "बाबा, पंचवीस टक्क्यांवर आलात. अजून तीन पायऱ्या." मी म्हणालो, "होय. पण सिग्नलला मी थांबतो तो पायऱ्यांसाठी नव्हे."