सॉर्टेक्सला कोण शिकवणार?

इंजिनीअरिंगच्या पोरांसाठी गोंदियात परवा मार्गदर्शन मेळावा झाला. पाहुणे म्हणाले, "ऑप्टिक्स करायचंय? मग बंगळुरू गाठा. इथे काय, चष्म्याची दुकानं!" पोरं हसली. बाहेर रस्त्यावर तांदळाचे ट्रक उभे होते.

त्या ट्रकांतला माल ज्या सॉर्टेक्समधून निघतो, ते दाणे निवडणारं यंत्र ऑप्टिक्स नाही तर काय आहे? चूटवरून सहा मिलिमीटरचा दाणा सेकंदाला तीन मीटर वेगाने सुटला, तर कॅमेऱ्यासमोरून तो दोन मिलिसेकंदांत निघून जातो. तेवढ्यात त्याला पारखायचं आणि वाईट असेल तर हवेच्या फटक्याने उडवायचं. पिवळा दाणा निळा प्रकाश कमी परतवतो, म्हणून तो निळ्यात सापडतो. खडूसारख्या दाण्यात स्टार्च विरळ असतो, उजेड आरपार जात नाही, म्हणून त्याला मागून प्रकाश द्यायचा. काचेचा तुकडा तांदळासारखाच दिसतो, त्याला इन्फ्रारेड लागतो. मे महिन्याच्या उन्हात एलईडी मंदावली तर काय, काचेवर कोंडा बसला तर काय, हे सगळं यंत्र बनण्याआधीच ऑप्टिकल इंजिनीअरला ठरवावं लागतं. आपल्याकडे मात्र यंत्र बाहेरचं, कोंडा आपला. दाणा पारखणारी नजरही आपलीच.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ मध्ये पटेल-३ या भाताच्या वाणाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या, आणि त्यातून एचएमटी हा तांदूळ आला. आज तोच एचएमटी सॉर्टेक्समधून जातो आणि त्यातला वेगळा दिसणारा दाणा रिजेक्शनच्या पोत्यात पडतो. शेतातली लोंबी आणि मिलमधला पॉलिश तांदूळ एका तराजूत घालू नका, असं मिलवाले म्हणतील. मी घालणार. वेगळं दिसलं ते खराब की चांगलं, हा निवाडा दादाजींनी बांधीत उभं राहून केला. यंत्रात तो डिझायनर आधीच बसवून ठेवतो, आणि त्याने बांधी पाहिलेली असेलच असं नाही. मग ऑपरेटरच्या हाती उरतं ते संवेदनशीलता कमी-जास्त करणं. ती वाढवली की पिवळ्यासोबत चांगला दाणाही उडतो.

वेगळा पण चांगला दाणा बघायचा तर फोर्टिफाइड तांदूळ घ्या. शंभर किलोंत एक किलो पोषक दाणे मिसळतात, तेही सॉर्टेक्सच्या पुढे. आधी टाकले तर यंत्र नेमके तेच वेचून फेकायचं. यंत्रातून वाचलेले दाणे घरोघरी 'प्लास्टिक' म्हणून सुपातून काढले जातात, ते वेगळंच. असा दाणा ओळखून मागे ठेवणारा कॅमेरा बांधायचा, तर तांदूळ, कोंडा आणि उन्हाळा समोर घेऊन बसावं लागेल. तिन्हींचा इथे तुटवडा नाही.