तीन तिघाडा, बिघाड कुणाचा?

भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या किनारपट्टीवर, चौक नावाचे गाव आहे. धारावी किल्ल्याचे अवशेष त्याच परिसरात आहेत. गेल्या हिवाळ्यात साहित्य शिकणारे आणि शिकवणारे आम्ही काही जण तेथील एका घराच्या ओसरीवर वाचनासाठी जमलो होतो. एका विद्यार्थ्याने आपल्या रोजनिशीची दहाबारा पाने वाचली. तीन पुरुष, तिघांचे परस्परांवर प्रेम, आणि एक खोली-स्वयंपाकघर एवढा संसार. सकाळी दूध कुणी आणायचे, रात्रपाळीहून आलेल्याला गादीची कोणती बाजू द्यायची, गावाहून आलेल्या मावशीने न्हाणीघरातले दात घासायचे ब्रश मोजले तेव्हा काय सांगायचे, सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर या आठवड्यात 'आतेभाऊ' कुणी व्हायचे, अशा नोंदी होत्या. ओसरी हसत होती. वाचन संपल्यावर आमच्यातल्या एका ज्येष्ठाने विचारले, "गंमत आहे खरी, पण यात वेदना कुठे आहे?" आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. मुलाने पाने घडी घातली आणि म्हणाला, "बघतो, सर."

सहा महिन्यांनी त्याने दुसरे लेखन आणले. त्यात दोघेच होते आणि शेवटी एक जण जीव देतो. आम्ही ते फार वाखाणले. प्रस्तुत लेख त्या वाखाणणीविरुद्ध आहे, म्हणजे पर्यायाने आमच्याविरुद्धच आहे.

आमचे म्हणणे असे, की मराठी समीक्षेने आणि मराठीच्या वर्गाने समलिंगी प्रेमाला साहित्यात प्रवेश दिला आहे तो एका अटीवर. त्याने रडत यावे. तो समस्या म्हणून आला तर आपण प्रस्तावना लिहितो, शोकांतिका म्हणून आला तर परिसंवाद घेतो. तो बिऱ्हाड थाटून, भांडी घासण्यावरून भांडत आणि स्वतःवर हसत आला, की आपल्याला 'गांभीर्य' आठवते.

ज्या कृती आपण वर्गात शिकवतो त्या आठवून पाहाव्यात. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक 1981 साली रंगभूमीवर आले. मित्रा नमावर प्रेम करते, बापू मित्रावर, आणि गोष्ट सांगतो तो बापू. मित्राचा शेवट आत्मनाशात होतो. नाटक मोठे आहे यात शंका नाही, परंतु मित्राला स्वतःची रोजनिशी नाही. तिचे जगणे एका सहृदय पुरुषाच्या आठवणीतून आपल्यापर्यंत पोहोचते. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'मध्ये रोजनिशी आहे, पण ती मुलाची असून तिच्यातून आईला त्याचे समलिंगी असणे उमगते. रोजनिशी तेथे पुराव्याचे काम करते, आणि नाटक त्या पुराव्याला सामोऱ्या जाणाऱ्या आईचे होते.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी मौजेने 2006 साली प्रसिद्ध केली. आमच्या विषयाच्या सर्वांत जवळ जाणारी मराठी कृती हीच. घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणावर तनय आणि अनुजा या भावाबहिणीचे प्रेम जडते. पूर्वार्ध तनयचे त्या निघून गेलेल्या तरुणाला उद्देशून केलेले निवेदन आहे, उत्तरार्ध अनुजाची रोजनिशी. त्रिकोण आहे, रोजनिशीही आहे. अनुजाच्या नोंदींत घरच्यांकडे तिरप्या नजरेने पाहणेही आहे. परंतु तिसरा कोन निनावी राहतो आणि नाहीसा होतो. उरलेले दोघे त्याच्या अनुपस्थितीभोवती लिहीत राहतात. 2013 मध्ये जेरी पिंटो यांनी कादंबरीचे इंग्रजी भाषांतर केले, 2022 मध्ये खुद्द कुंडलकरांनी चित्रपट केला आणि पुण्यातले मराठी घर कोचीला गेले. या कृतीबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ही, की तिच्यातील विरह आपल्याला इतका सोयीचा वाटला की त्याच्याशिवाय दुसरे काही असू शकते हे विचारण्याची गरजच आपल्याला भासली नाही. तिघे एकत्र राहिले असते तर? त्या घरात गॅसचा सिलिंडर कुणाच्या नावावर असता? हा प्रश्न हास्यास्पद वाटत असेल तर तो तसा वाटणे हाच आमचा मुद्दा आहे.

विनोद ही काही आपल्या भाषेतील परकी वस्तू नव्हे. चि. वि. जोश्यांचा चिमणराव स्वतःचीच फजिती सांगतो म्हणून आपण त्याच्या घरात शिरतो. पुलंच्या 'असा मी असामी'तला कारकून बदलत्या मुंबईसमोर गोंधळतो आणि त्याच्या गोंधळात आपण आपला गोंधळ ओळखतो. या परंपरेचे मर्म असे, की स्वतःवर हसणारा निवेदक वाचकाला घरचा माणूस करून घेतो. दयेने हे होत नाही. दया वाचकाला दाराबाहेर उभी करते आणि तेथूनच हळहळायला लावते.

शिवाय संख्येवरचा विनोद तर आपल्या म्हणींतच आहे. 'दोन बायका, फजिती ऐका' असे आपण बिनदिक्कत म्हणतो. दोन घरांचा धनी असलेला पुरुष आपल्या फार्सचा हुकमी नायक आहे. आणि 1988 सालचा 'अशी ही बनवाबनवी' कोण विसरेल? भाड्याची खोली मिळावी म्हणून चार मित्रांपैकी दोघे लुगडी नेसतात, उरलेल्या दोघांच्या बायका होतात आणि घरमालकिणीसमोर संसार उभा करतात. दोन पुरुष नवराबायको आहेत या कल्पनेवर मराठी माणूस तीन दशकांहून अधिक काळ मनमोकळा हसतो आहे. संवाद तोंडपाठ आहेत. अट एकच, की ते सोंग असले पाहिजे. चौकच्या ओसरीवरच्या मुलाने त्याच परिस्थितीतून सोंग तेवढे काढून टाकले होते. भाड्याची खोली तीच, घरमालकाची भीती तीच, नातेवाइकांना मारलेल्या थापा त्याच. फक्त प्रेम खरे होते. एवढ्यावरून आम्हांला वेदना आठवली.

आमच्यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला, समलिंगी माणसाची टिंगल पडद्यावर पुरेशी झाली आहे, आता आणखी विनोद कशाला? आक्षेप रास्त आहे, पण तो आमच्याच बाजूचा आहे. टिंगलीत लेखणी दुसऱ्याच्या हातात असते आणि ज्याच्यावर हसले जाते त्याला घर नसते. तो एका प्रसंगात येतो, मुरडतो, जातो. रोजनिशीत लेखणी त्याच्याच हातात असते. टिंगलीवर उतारा हवा असेल तर तो याच विनोदात मिळेल, मौनात नव्हे.

दुसरा आक्षेप, हसणे ही सुस्थितांची चैन आहे. आर. राज राव यांची 'द बॉयफ्रेंड' ही इंग्रजी कादंबरी 2003 साली आली. ती मुंबईचीच आहे. चाळिशीतला पत्रकार युदी, दलित तरुण मिलिंद महाडिक, आणि युदीवर जीव टाकणारी गौरी, असा तेथेही त्रिकोण आहे. ती कादंबरी लोकल, रेल्वे स्थानकातील मुतारी, जात, पैसा आणि वयाचे अंतर यांवर बोचरे हसते, आणि त्या हसण्यामुळे प्रेमातली विषमता झाकली न जाता उघडी पडते. मिलिंदचे लग्न होते तेव्हा ते हसू घशात अडकते. विनोद आणि अन्याय एका पानावर नांदू शकतात, हे येथे सिद्ध आहे. ती कादंबरी मराठीत लिहिली गेली नाही, याचे उत्तर मात्र आपण द्यायचे आहे.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो आणि तो मित्रांकडूनच येतो. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले; 17 ऑक्टोबर 2023 रोजी मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले. दोघांचाच हक्क अजून मिळाला नसताना तिघांची गोष्ट सांगून विरोधकांच्या हाती कोलीत का द्यावे? चळवळीने ही चिंता करावी, तो तिचा धर्म आहे. पण लेखकाने आपली रोजनिशी न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राप्रमाणे लिहावी अशी अपेक्षा साहित्याचे शिक्षकच करू लागले, तर वर्गात शिकवायला काय उरेल? र. धों. कर्व्यांवर 1934 साली 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांसाठी खटला झाला आणि डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. समाजाची तयारी झाल्यावर उत्तरे देऊ, असे कर्वे म्हणाले नाहीत.

तिघांचे सहजीवन आदर्श आहे असे आमचे म्हणणे नाही. त्यात मत्सर असेल, अन्याय असेल, एक जण नेहमी थोडा बाहेर पडत असेल. त्या मुलाच्या पानांत हेही होते. रात्रपाळीहून आलेला मनुष्य दार हळू उघडतो आणि आतले दोघे झोपेत एकमेकांकडे वळलेले पाहून स्वयंपाकघरात जातो, उरलेला भात उभ्यानेच खातो. आणि भातात मीठ नाही अशी तक्रार चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवतो. तेथेही ओसरी हसली होती. वेदना कुठे आहे असे आम्ही ज्या पानांना विचारले, त्यांत ती त्या चिठ्ठीवर होती. आम्हांला वाचता आली नाही, कारण ती रडत नव्हती.

तीन तिघाडा काम बिघाडा, असे म्हणतात. येथे बिघाड त्या तिघांत नव्हता, ऐकणाऱ्यांत होता. त्या मुलाला आम्ही निरोप पाठवला आहे, की ती जुनी पाने फाडली नसतील तर पुन्हा घेऊन यावे. अद्याप उत्तर आलेले नाही.