तापमापक कोणाच्या टेबलावर?

थंड देशांत इमारती उबदार ठेवण्यासाठी खोल्याखोल्यांत बिनतारी तापमापक लावतात. ते तेथली ऊब मोजून बॉयलरच्या नियंत्रकाला कळवतात. आम्हा रत्नागिरीकरांना त्याचे काय? आम्हांला हवा गारवा! पण प्रश्न तोच: मोजायचे कोठे?

गेल्या मे महिन्यात मी एका कार्यालयात काम केले. एसी छताजवळ, त्याचा तापमापक त्याच्याच पोटात. खाली बसणारे शिपाईकाका कानाला मफलर गुंडाळीत, तर खिडकीपाशी संगणकावर बसणाऱ्या ताई घामाने निथळत. यंत्राच्या लेखी मात्र सारे आलबेल!

१ जानेवारी २०२० पासून स्टार-मानांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावलेले येतात. वीज वाचावी, हा हेतू योग्यच. पण कोकणच्या दमट हवेत नुसत्या अंशांवर भागत नाही. आर्द्रताही मोजायला हवी.

काही एसींच्या रिमोटमध्येच तापमापक असतो. रिमोट जेथे, तेथले तापमान यंत्र प्रमाण मानते. आणि रिमोट असतो साहेबांच्या टेबलावर! म्हणून माझे मत स्पष्ट आहे: नुसते नवे यंत्र आणून न्याय होत नाही. तापमापक आधी खिडकीपाशी आणि मफलरवाल्या काकांपाशी ठेवा; मग आकडा ठरवा.