पाणी पाक आहे. पण पिण्याजोगे आहे का?



सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचेच पाणी. ते गच्चीवरच्या टाकीत आणि अंगणातल्या दोन ड्रममध्ये भरून ठेवतो. पाणी दिसायला स्वच्छ, वास नाही, चवही चांगली. तरी धाकट्याला महिन्यातून दोनदा जुलाब होतात. मी टाकी धुवायची म्हटले, की सासूबाई म्हणतात, पाणी पाक आहे, वुजू होतो, मग शंका कशाला? शिवाय टाकी धुवायला पाणी कुठून आणायचे?"

हा प्रश्न एका घरचा नाही. सिन्नरच्या पश्चिमेला डोंगराकडे पाऊस बरा पडतो. पूर्वेकडे वावी-पाथरेच्या बाजूला मात्र उन्हाळा म्हणजे टँकरची वाट पाहणे. गावातही नळाच्या पाण्याचा भरवसा नसला की घरोघरी साठवण वाढते. आणि पाणी बिघडते ते बहुतेक वेळा याच साठवणीत. म्हणून या महिन्यात आम्ही टाकीविषयीच लिहायचे ठरवले.

पाक वेगळे, निर्जंतुक वेगळे

सासूबाईंचे म्हणणे चुकीचे नाही. फिकहच्या दृष्टीने पाण्याची परीक्षा रंग, वास आणि चव या तीन गोष्टींवर होते. मस्जिदीचा मोठा हौद "दह दर दह", म्हणजे दहा हात बाय दहा हात असेल, तर हनफी उलमा त्याला वाहत्या पाण्याचा दर्जा देतात. नजासत पडून यांपैकी काही बदलल्याशिवाय ते पाणी नापाक ठरत नाही. ही परीक्षा इबादतीसाठी आहे आणि तिच्यात माणसाची सोय पाहिली आहे. पण पटकीचे, विषमज्वराचे, काविळीचे जंतू पाण्यात असले तरी रंग, वास, चव यांपैकी काहीच बदलत नाही. तेव्हा तेच पाणी वुजूसाठी पाक आणि बाळाच्या पोटासाठी घातक असू शकते. या दोन परीक्षा वेगळ्या आहेत आणि घराला दोन्हींची गरज आहे.

चवीवर विसंबण्याचा धोका लंडनमध्ये १८५४ साली दिसला. सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती पटकीने शेकडो माणसे दगावली. तिथून दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवाही दगावली, आणि तिच्या भागात तर साथ नव्हती. डॉ. जॉन स्नो यांनी चौकशी केली तेव्हा कळले, की त्या बाईंना त्याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून त्या ते मुद्दाम मागवून घेत. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कोलकात्यातल्या एका तलावाच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. लोक त्याच तलावात न्हात-धूत आणि त्याचेच पाणी पीत.

आपल्या दीनने मात्र आधीच सावध केले आहे. रात्री भांडी झाकावीत, मशकीचे तोंड बांधावे, झोपेतून उठल्यावर हात धुतल्याशिवाय भांड्यात घालू नये, साचलेल्या पाण्यात घाण करू नये, पिताना भांड्यात श्वास सोडू नये, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हदीसमध्ये आहे. मशकीच्या जागी आज टाकी, ड्रम आणि टँकर आले. शिकवण तीच लागू आहे.

घाण येते कुठून?

टँकर विहिरीवर भरतो तेव्हा त्याचा पाइप जमिनीवर लोळतो. तोच पाइप आपल्या ड्रममध्ये जातो. टाकीचे झाकण उन्हाने तडकलेले असते. त्यातून धूळ, पाली, पक्ष्यांची विष्ठा आत जाते. ड्रममध्ये मुले हात घालून लोटा बुडवतात. तळाशी गाळ बसतो आणि भिंतीला बुळबुळीत थर धरतो. त्या थराच्या आड जंतू सुखाने राहतात. नवे पाणी कितीही चांगले आले, तरी त्या थराला लागले की बिघडते. म्हणून आधी घासणे आणि मग औषध. घासल्याशिवाय टाकलेली पावडर बरीचशी त्या गाळावरच खर्च होते.

कमी पाण्यात टाकी कशी धुवावी?

टँकर यायच्या आदल्या दिवशी, टाकी रिकामी होत आली असताना हे काम करावे, म्हणजे पाणी वाया जात नाही. ग्रामपंचायत वापरते ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लिचिंग पावडर, यासाठी चालते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते; पुडी उघडी राहिली की ते उडून जाते. म्हणून जुनी, ओली, गोळे झालेली पावडर घेऊ नये.

१. मोटार बंद करावी. तळाचे पाणी काढून गाळ फडक्याने टिपून घ्यावा. तळ, भिंती, झाकणाची आतली बाजू आणि कडा ब्रशने घासाव्यात. साबण, धुण्याची पावडर वापरू नये. तिचा अंश मागे राहतो.

२. प्लॅस्टिकच्या बादलीत १५ लिटर पाणी घेऊन त्यात १० ग्रॅम पावडर विरघळवावी. चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी घ्यावे. फडक्याने ते टाकीला आतून सगळीकडे लावावे, अर्धा तास भिंती ओल्या ठेवाव्यात, मग बादलीभर पाण्याने खळाळून काढावे. ड्रमसाठी एवढेच पुरे.

३. टाकीपासून नळापर्यंतचा पाइप राहून जातो, आणि आतला थर तिथेही असतो. त्यासाठी टाकीत १०० लिटर पाणी घेऊन ३० ग्रॅम पावडरीचे निवळ पाणी त्यात मिसळावे. घरातला एकेक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडावा आणि बंद करावा. मग ८ तास तसेच ठेवावे. हे काम इशाच्या नमाजनंतर केले तर फज्रपर्यंत पुरे होते. तोपर्यंतच्या वापरासाठी, सहेरीसाठी आणि फज्रच्या वुजूसाठी पाणी आधीच भरून झाकून ठेवावे. त्या रात्री नळाला चिंधी बांधावी, म्हणजे झोपेत कुणी ते पाणी पिणार नाही.

४. सकाळी सगळे नळ सोडून ते पाणी काढावे. त्याने मोरी, संडास, ओटा धुवून घ्यावा. झाडांना, शेळ्या-कोंबड्यांना ते देऊ नये. नव्या पाण्याने एकदा थोडे खळाळून मग टाकी भरावी.

तीन गोष्टींत हयगय नको. पावडर हाताळताना हातमोजे घालावेत आणि नाका-तोंडावर कापड बांधावे. संडास धुण्याच्या ॲसिडात ती कधीही मिसळू नये; विषारी वायू निघतो. आणि जमिनीखालच्या बंद टाकीत घरच्या कुणीही उतरू नये. आत प्राणवायू कमी असतो, माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरणाराही जातो. ते काम साधने असलेल्या जाणकारांकडूनच करून घ्यावे.

टाकी वर्षातून निदान दोनदा धुवावी: पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्यात टँकर सुरू होण्याआधी एकदा. रमजान जवळ असेल तर त्याआधीही. ड्रम आणि रांजण मात्र दर आठवड्याला. आरोग्य खाते "कोरडा दिवस" पाळायला सांगते तो याचसाठी. डेंग्यूचा डास पाण्याच्या काठाशी भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. नुसते पाणी ओतून देऊन ती जात नाहीत, घासावीच लागतात.

रोजचे पिण्याचे पाणी

धुतलेल्या टाकीत आलेले टँकरचे पाणीही शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. जुनी सुती साडी चौपदरी करून गाळल्यास फायदा होतो. बांगलादेशात मतलब भागातल्या गावांत असे केल्यावर पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. पण गाळूनही पाणी खळखळून उकळावे, किंवा आशाताईंकडून क्लोरीनचे थेंब मिळाले तर बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घालून अर्धा तास थांबावे. उकळलेले पाणी त्याच माठात झाकून ठेवावे आणि ओगराळ्याने घ्यावे. गावाला मिळणारे पाणी क्लोरीनचे आहे की नाही, हे ओटी टेस्टने दोन मिनिटांत कळते. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. ही चाचणी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते. टँकर आल्यावर करून दाखवा म्हणणे हा आपला हक्क आहे.

प्रवासातल्या पाण्यालाही हाच नियम. ज्येष्ठात संत निवृत्तिनाथांची पालखी सिन्नरवरून पंढरपूरला जाते, तेव्हा दिंड्यांबरोबर पाण्याचे टँकर चालतात. आपल्याकडेही उरुसाला, इज्तेमाला, लग्नाच्या वऱ्हाडाला पाण्याचे कॅन नाहीतर भाड्याचा टँकर येतो. वर्षभर रिकामी पडलेली टाकी न धुता भरली, तर शेकडो माणसांना एकाच वेळी त्रास होतो. टँकर ठरवताना भाड्याबरोबर "आतून कधी धुतला?" हेही विचारावे.

मस्जिदीची टाकी

वुजूत आपण कुल्ली करतो आणि नाकात पाणी घेतो, म्हणून मस्जिदीची टाकी हा सगळ्या मोहल्ल्याच्या तब्येतीचा प्रश्न आहे. कराचीत २००८-०९ मध्ये मेंदूज्वराचे १३ रुग्ण आढळले. कोमट, क्लोरीन नसलेल्या पाण्यात वाढणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूत गेला होता. बहुतेकांचा पोहण्याशी संबंध नव्हता, म्हणून डॉक्टरांची नजर घरच्या आणि वुजूच्या पाण्याकडे गेली. हा आजार फार विरळ आहे. भिऊन सुन्नत सोडायची नाही, टाकी साफ ठेवायची. ट्रस्टींनी सफाईची तारीख टाकीवर रंगवून ठेवावी, म्हणजे विचारावे लागत नाही. क्लोरीनच्या किंचित वासाने वुजूला बाधा येते का, असेही विचारले जाते. पाणी पाणीच राहते, त्याने बाधा येत नाही. तरी मनात शंका राहिली तर आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला एवढेच सांगायचे आहे. बाळाला जुलाब सुरू झाले की लगेच ओआरएस सुरू करा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. बाळ सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली तर एक तासही थांबू नका. आणि सासूबाईंशी वाद घालू नका. पाणी पाक आहे हे त्यांचे म्हणणे मान्य करा, आणि भांडे झाकण्याची जी शिकवण त्यांनी लहानपणापासून पाळली, तिचाच पुढचा भाग म्हणून टाकी धुवायला त्यांना हाताशी घ्या. ४० ग्रॅम पावडर आणि दोन ड्रम पाणी, खर्च एवढाच.

अल्लाह तआला आपल्या घरांतील लेकरांना निरोगी ठेवो. आमीन.