विषाणू गेला, फाईल बंद करू नका

हिपॅटायटिस सीचा विषाणू रक्तातून गेला की यकृताच्या कर्करोगाचं भयही गेलं, असं नागपूरच्या धरमपेठेतल्या शिकल्यासवरल्या घरांतही मानलं जातं. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेली अर्धी जिवावर बेतू शकते.

औषधाचं यश मोठंच आहे. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर आलं तेव्हा एका गोळीला हजार डॉलर पडायचे. २०१५ मध्ये भारतीय कंपन्यांनी ते बाजारात आणलं आणि अठ्ठावीस गोळ्यांची बाटली वीस हजार रुपयांच्या आत आली. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि उपचार मोफत झाले. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात. त्या संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी रक्तात विषाणू सापडला नाही, तर रुग्ण बरा झाला. शंभरातले नव्वदहून जास्त बरे होतात.

पण वीस-तीस वर्षांत यकृतावर पडलेले व्रण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पुसले जात नाहीत. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत उपचार घेतलेल्या २२,५०० रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा विषाणू गेला, त्यांचा कर्करोगाचा धोका खूपच घटला होता. तरीही ज्यांना आधीच सिरोसिस होता, म्हणजे व्रणांनी यकृत कडक झालं होतं, त्यांच्यात वर्षाला शंभरातल्या जवळपास दोघांना कर्करोग झाला. सिरोसिस नसलेल्यांत हे प्रमाण हजारात तीन-चार होतं. शंभरात दोन ऐकायला कमी वाटतात. हाच वेग दहा वर्षं राहिला, तर सहांतला एक जण त्यात सापडतो.

मग कोणावर नजर ठेवायची? याचा पहिला अंदाज बांधायला महागडं यंत्र लागत नाही. फिब-४ नावाचं एक गणित आहे. यकृताच्या रक्तचाचणीत एसजीओटी आणि एसजीपीटी हे दोन आकडे असतात. वयाला एसजीओटीने गुणायचं. मग प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ, एसजीओटी ६०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट एक लाख दहा हजार, तर उत्तर साडेचार येतं. ३.२५ च्या वर उत्तर आलं की यकृत बरंच खराब झालं असण्याची शक्यता मोठी असते. १.४५ च्या खाली ती कमी असते. उपचारानंतरही आकडा चढाच राहिला, तर कर्करोगाचा धोकाही चढा असतो. त्यात मधुमेह, दारू, वाढलेलं वय किंवा घसरलेलं अल्ब्युमिन असेल तर आणखी भर पडते.

पण आपल्या नागपुरात या गणितावर डोळे मिटून विसंबू नये, हे मला आवर्जून सांगायचं आहे. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे रुग्ण खूप आहेत. वारंवार रक्त घेणाऱ्यांना हिपॅटायटिस सी याच वाटेने गाठतो. नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं मे २०२२ मध्ये उघड झालं आणि त्यातलं एक मूल दगावलं; रक्ताची वाट किती धोक्याची आहे, हे शहराने तेव्हा पाहिलं. या रुग्णांचं वय कमी असतं, आणि पस्तिशीच्या आत फिब-४ नीट चालत नाही. थॅलेसेमियात प्लीहा काढलेली असेल तर प्लेटलेट वाढतात, आकडा खाली येतो आणि खराब यकृतही चांगलं भासतं. उलट सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी फुटल्यानेही एसजीओटी चढतं. शिवाय रक्ताबरोबर साठलेलं लोह यकृताला वेगळं पोखरत असतं. अशा मुलामुलींचा धोका रक्तविकाराच्या आणि यकृताच्या डॉक्टरांनी एकत्र बसूनच ठरवायला हवा.

सिरोसिस असलेल्याने विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायची, सोबत बहुधा एएफपी ही रक्तचाचणी. आणि हे जन्मभर. नंतर आकडे सुधारले तरी ही तपासणी सोडायची नाही. यकृतातली गाठ सुरुवातीला दुखत नाही. ती दोन सेंटिमीटरची असताना सापडली तर शस्त्रक्रियेने किंवा जाळून काढता येते. कावीळ होऊन, पोटात पाणी भरल्यावर सापडली तर हाती फारसं काही उरत नाही. इथेच आपली व्यवस्था कमी पडते. बाराव्या आठवड्याचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात पडला की रुग्ण निघून जातो, आणि त्याला परत बोलावणारं कोणी नसतं. मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं असोत की धरमपेठेतला खासगी दवाखाना, शेवटच्या भेटीत रुग्णाला मराठीत लिहिलेला एक कागद मिळालाच पाहिजे. उपचारापूर्वी यकृताची अवस्था काय होती, सिरोसिस होता की नव्हता, आणि पुढची सोनोग्राफी कोणत्या महिन्यात, एवढं त्यावर असावं. मोफत गोळ्यांवर सरकार खर्च करतं, तर सहा महिन्यांनी आठवणीचा एक फोन करणं त्याला जड नाही.

ज्यांचे उपचार आधीच होऊन गेले आहेत, त्यांनी जुनी फाईल शोधावी. यकृताचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन उपचारानंतर केलं तर व्रण कमी दाखवू शकतं, म्हणून गोळ्या सुरू होण्यापूर्वीचे रिपोर्ट घेऊनच डॉक्टरांकडे जावं.